वीस डॉलरचा चाकू आणि दीडशे डॉलरचा चाकू: पैसे नक्की कशाचे जातात?

मागच्या मे महिन्यात पुण्याला गेलो होतो, आंब्याची पेटी फोडलेली, सगळे गोल करून बसलेले आणि विळी कुठे ठेवलीय ते कोणालाच आठवेना, म्हणून मी खिशातून चाकू काढला. मेहुण्याने तो हातात घेतला, उघडला, मिटला, परत उघडला आणि विचारलं, "केवढ्याला?" मी खरं सांगितलं, तिथेच चुकलो. "दीडशे डॉलर? अहो भाऊजी, एवढ्यात दोन मिक्सर येतात!" त्यानंतर दोन दिवस घरात कोणीही काहीही कापलं की "दीडशे डॉलर" असा गजर व्हायचा.

पण प्रश्न रास्त होता. कारण माझ्याचकडे वीस डॉलरचा एक चाकू आहे आणि आंबा तोही व्यवस्थित कापतो. मग वरचे एकशे तीस गेले कुठे? मी पिट्सबर्गजवळ राहतो, इथून उत्तरेला गाडीने दोनेक तासांवर टायटसव्हिल आणि तीनेक तासांवर ब्रॅडफर्ड, म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या चाकूंचं माहेरघरच, त्यामुळे गेल्या काही वर्षांत या नादात बरेच पैसे घालवले, काही चांगले, काही वाया. ज्यांना असा चाकू घ्यायचाय (इथे राहणारे असोत नाहीतर इथल्या कोणाकडून मागवणारे), त्यांना तो दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर कसा तपासायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट. जुन्या पद्धतीचा चाकू म्हणजे इथे ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात तो. पातं उघडलं की त्याला लॉक वगैरे नसतं, मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती स्प्रिंगचं काम करते आणि नुसत्या दाबाने पातं उघडं धरून ठेवते. बाजूला पितळेची अस्तरं, त्यावर हाड, लाकूड किंवा प्लॅस्टिक, टोकांना निकेल सिल्व्हर नावाच्या पांढऱ्या मिश्रधातूच्या टोप्या (बोल्स्टर), आणि सगळं खिळ्यांनी ठोकून बसवलेलं. स्क्रू नसतात, म्हणजे जोडणी एकदा बिघडली की घरी खोलून नीट करता येत नाही. तपासायचं ते घेतानाच.

पायरी १: कापायचं काय ते ठरवा

ही पायरी सगळे उडवतात. पार्सलं फोडणं, फळं, दोरी, पेन्सिल एवढंच असेल (बहुतेकांचं एवढंच असतं) तर एका पात्याचा साधा चाकू पुरतो. तीन पात्यांचा स्टॉकमन दिसतो छान, पण तीन पाती एका मुठीत बसवायची म्हणजे प्रत्येकाला थोडा बाक द्यावा लागतो, एकमेकांना घासणार नाहीत अशी जागा काढावी लागते, आणि स्वस्त मालात नेमकी हीच कसरत फसते. म्हणजे बजेट कमी असेल तर पाती कमी घ्या. वीस डॉलरमध्ये एक पातं नीट बसवता येतं, त्याच वीस डॉलरमध्ये तीन पाती बसवली की कुठेतरी कात्री लागणारच.

पायरी २: कुठल्या किमतीत काय मिळतं

खाली जे आकडे देतोय ते साधारण आहेत, रंग, हाड आणि दुकान बदललं की किंमत बदलते.

पंधरा ते पंचवीस डॉलरमध्ये रफ रायडर. टेनेसीतल्या सेव्हियरव्हिलच्या स्मोकी माउंटन नाइफ वर्क्सचा हा ब्रँड, माल चीनमध्ये बनतो, स्टेनलेस ४४०ए स्टील, मुठीला खरं हाडसुद्धा मिळतं. याच पट्ट्यात फ्रान्सचा ओपिनेल येतो, पण तो वेगळा प्राणी आहे, त्याच्यावर पुढे बोलू.

चाळीस-पन्नासमध्ये व्हिक्टोरिनॉक्सचे अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचे चाकू, पायोनियर, कॅडेट वगैरे. आपल्याकडे स्विस नाइफ म्हटलं की लाल प्लॅस्टिकचा डोळ्यासमोर येतो, पण हे अ‍ॅल्युमिनियमवाले माझ्या मते जास्त दणकट. कंपनी १८८४ पासूनची आणि स्वित्झर्लंडमधल्या इबाखची.

पन्नास ते शंभरमध्ये केस. डब्ल्यू. आर. केस अँड सन्स, १८८९ पासून, कारखाना ब्रॅडफर्डला, १९९३ पासून मालकी झिपो लायटरवाल्यांची. पिवळ्या प्लॅस्टिक मुठीचा घेतला तर खालच्या टोकाला, हाडाचा घेतला तर वर.

शंभरच्या पुढे ग्रेट ईस्टर्न कटलरी. २००६ मध्ये टायटसव्हिलला सुरू झालेली छोटी कंपनी (जगातली पहिली गाजलेली तेलविहीर १८५९ मध्ये ज्या गावात लागली तेच हे टायटसव्हिल). स्टील बहुतेक वेळा १०९५ नावाचं कार्बन स्टील (स्टेनलेस नव्हे). एकेक आकार थोड्या संख्येत काढतात, तो संपला की परत कधी येईल सांगता येत नाही.

आता माझा हिशोब असा. शून्यावरून वीस डॉलरला गेलात की चाकू "चाकू" होतो, म्हणजे पेट्रोल पंपावर काउंटरला टांगलेले जे पाच-सहा डॉलरचे मिळतात त्यांच्यापेक्षा खरंच वरचा दर्जा. वीसवरून पन्नासला गेलात की स्टीलचं तापवणं-थंड करणं जास्त भरवशाचं होतं, सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय येते. पन्नासवरून दीडशेला गेलात की येते ती सफाई. म्हणजे हाड आणि टोपी यांच्या जोडावरून नख फिरवलं तर अडकत नाही, स्प्रिंग आणि अस्तर यांच्यामधून उजेड दिसत नाही, पातं मिटताना टप् असा एकच आवाज येतो. कापण्यात फरक? थोडासा. बोटाला जाणवणारा फरक? भरपूर. आणि दीडशेच्या वर जे देता ते बहुतेक दुर्मिळतेचे, त्याचा चाकूच्या दर्जाशी फारसा संबंध राहत नाही.

गंमत म्हणजे बार्लो नावाचा जो आकार आहे, लांबलचक टोपीचा, तो मुळात इंग्लंडमधल्या शेफिल्डहून अमेरिकेत येणारा गरिबाचा चाकू. टोपी लांब केली की सांधा मजबूत होतो आणि बाकी नखरे न करता चाकू टिकतो, एवढीच त्यामागची अक्कल. आज त्याच बार्लोसाठी लोक रात्री जागून ऑर्डर लावतात.

पायरी ३: हातात घेऊन दहा मिनिटं

सगळ्यात महत्त्वाचं हे. ब्रँड काहीही असो, हे चाकू माणसांच्या हातून जोडले जातात, त्यामुळे एकाच खोक्यातले दोन नग सारखे नसतात. शक्य असेल तर दुकानदाराला तीन-चार नग काढायला सांगा, लाजू नका, इथले दुकानदार काढतात.

मिटलेला चाकू उजेडाकडे धरा, खिडकीसमोर किंवा मोबाइलचा टॉर्च मागे ठेवून. पाठीची स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंची अस्तरं यांच्यामध्ये उजेडाची रेघ दिसते का बघा. केसाएवढी, अर्ध्या लांबीची रेघ वीस डॉलरच्या चाकूत मी माफ करतो, शंभरच्या चाकूत नाही. मग पोटाकडून बघा, पातं मधोमध बसलंय की एका बाजूला टेकलंय. टेकलं असेल तर काही दिवसांनी पात्यावर चरे उमटणार. आणि टोक! मिटलेल्या चाकूवरून तळहात हलकेच फिरवा, टोक जरासुद्धा बोचलं तर तो नग परत, कारण तोच खिशात तुमची पँट फाडणार आहे आणि एक दिवस बोट.

आता उघडा, पण सावकाश. नखाची खाच पकडून ओढताना किती जोर लागतो ते बघा. इथले शौकीन याला एक ते दहा असे गुण देतात, पाच-सहा चांगला. आठच्या वर गेला की नख तुटतं आणि म्हातारी माणसं तो चाकू कधीच उघडत नाहीत. माझ्या बाबांसाठी मी एक असाच कडक नग नेला होता, कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे, त्यांनी दोन दिवस झटापट केली आणि मग तो चमच्याच्या दांड्याने उघडायला लागले. त्यावरून आईने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. फार सैल, तीनच्या खाली, तोही नको, कारण लॉक नाही, बोटावर मिटायची भीती.

काही चाकूंत पातं काटकोनात आलं की क्षणभर थांबतं. हा दोष नाही, मुद्दाम केलेला असतो, मिटताना बोटं सावरायला वेळ मिळतो. आवडीचा भाग.

पूर्ण उघडल्यावर अडकित्त्याला बघतो तसं बघायचं. जुन्या बायका अडकित्ता घेताना दोन्ही पाती धरून हलवून बघायच्या, खीळ सैल आहे का. तसंच इथे एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ, आणि डावीउजवीकडे, मग वरखाली. जरा जरी डुगडुगलं तरी मी घेत नाही. बाकी सगळ्या उणिवांना मी किमतीप्रमाणे सूट देतो, याला नाही, कारण वापरून ती डुगडुग वाढतच जाते. लोक सांगतात की टोपीवर हातोडीने हलके टोले मारले की खीळ घट्ट होते. होते कधीकधी. पण नवीन चाकूला पहिल्याच दिवशी हातोडी का मारायची?

मग पाठ. उघडलेला, अर्धा आणि मिटलेला, अशा तिन्ही अवस्थांत स्प्रिंगवरून नख फिरवा. महागड्या चाकूत तिन्ही वेळा ती अस्तराला सपाट लागते, स्वस्तात एखाद्या अवस्थेत थोडी वर किंवा खाली जाते. कामाला काही फरक पडत नाही, पण एकशे तीस डॉलरमधले बरेचसे इथेच गेलेले असतात, कारण ही सपाटी मिळवायला कारागिराला प्रत्येक नग घासून, जोडून, परत घासून बघावा लागतो.

शेवटी धार. पात्याची धार वर करून दिव्याखाली धरा, कुठे पांढरी चमकणारी रेघ दिसली तर तिथे बोथट. हा दोष मात्र सोडून द्या. नवीन चाकू महागडासुद्धा बरेचदा कारखान्यातून जाडसर धार घेऊन येतो आणि ती दगडावर अर्ध्या तासात सुधारते. न सुधारणारी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंची घासणी कमीजास्त असणं, एकीकडे धारेची पट्टी रुंद, दुसरीकडे अरुंद. ते बघा. आणि पाच-सहा वेळा मिटून झाल्यावर धारेच्या मधल्या भागात बारीक चपटा ठिपका आलाय का तेही बघा, आला असेल तर पातं आत स्प्रिंगवर आपटतंय. असा नग हौसेने खटाखट मिटू नका, बोटाने धरून हळू सोडा. फ्रान्सच्या लाग्योल नावाच्या चाकूंत (त्यांच्यावर पुढे बोलू) तर ही काळजी घ्यावीच लागते.

पायरी ४: स्टीलच्या नावाला भुलू नका

स्टीलचं नाव म्हणजे तांदळाची जात, भात कसा शिजवला ते वेगळंच. केस ज्याला ट्रू-शार्प म्हणते ते म्हणजे ४२० एचसी नावाचं साधं स्टेनलेस, बक ही दुसरी अमेरिकन चाकू कंपनीही वर्षानुवर्षं ४२० एचसीच वापरते आणि पॉल बॉस नावाच्या माणसाने बसवलेल्या तापवण्याच्या पद्धतीमुळे बकच्या त्या साध्या स्टीलचं नाव झालं. तेव्हा "अमुक स्टील" एवढ्यावर जास्त पैसे देऊ नका.

खरा निर्णय दोनच गोष्टींत, स्टेनलेस की कार्बन. कार्बन, म्हणजे १०९५ किंवा केसचं सीव्ही, दगडावर पटकन धार घेतं आणि छान बारीक धार लागते, पण गंजतं. लिंबू, कैरी, आंबा कापून तसंच ठेवलं तर तासाभरात काळंनिळं होतं. तो काळेपणा गंज नाही, उलट पुढचा गंज थोडा थोपवतो. लाल ठिपके दिसले तर मात्र तो गंज. मुंबई-कोकणात राहत असाल, पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येत असेल, तर माझं ऐका, स्टेनलेस घ्या.

आणि पात्याची जाडी. पातळ पातं साध्या स्टीलचं असलं तरी सफरचंद सरसर कापतं, जाड पातं भारी स्टीलचं असलं तरी फोडतं. इथे ओपिनेल जिंकतो. १८९० पासून फ्रान्सच्या साव्हॉय भागात बनतो, बीच लाकडाची मूठ, पातळ पातं, स्प्रिंगच नाही, १९५५ पासून फिरवायची एक लोखंडी कडी असते ती पातं अडवते. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर. फळं कापायला याच्यापुढे माझा दीडशेवाला नमतो, हे मी मेहुण्याला सांगितलेलं नाही. एकच कटकट, दमट हवेत लाकूड फुगतं आणि पातं आत अडकतं. साव्हॉयवाल्यांची युक्ती अशी की मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं. वाळलेल्या लाकडाच्या सांध्यात व्हॅसलीन चोळून मुरवलं तरी बराच फरक पडतो.

पायरी ५: जिथे पैसे उगाच जातात

लाग्योल हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे, एकाच कंपनीचं नव्हे. त्यामुळे मधमाशीचं चित्र काढून कोणीही पात्यावर लाग्योल ठोकतो. त्या गावातला, फ्रान्समधल्याच तियेर शहरातला आणि आशियातून आलेला, तिन्ही दिसायला जुळे, किंमत दहा युरोपासून काही शेपर्यंत. मी एका विमानतळावर चाळीस युरो देऊन असाच एक घेतला होता, महिन्याभरात मुठीची पट्टी निघून आली. आता कारखान्याचं नाव आणि देश लिहिलेला नसेल तर हात लावत नाही.

दुसरं, सांबरशिंगाची मूठ. यात आपला थेट संबंध आहे. शेफिल्ड, जर्मनीतलं झोलिंगेन, अमेरिका सगळीकडे भारतातून गेलेली सांबरशिंगं वापरत, ती निर्यात आपल्या सरकारने थांबवली आणि उरलेल्या साठ्याचे भाव चढले. म्हणजे त्याच पात्याला, त्याच स्प्रिंगला, नुसत्या शिंगापायी दुप्पट पैसे. हौसेला मोल नाही हे मान्य, पण ते हौसेचे पैसे आहेत एवढं माहीत असू द्या. आणि तसला चाकू भारतात नेऊ नका, वन्यजीव कायद्याची भानगड आहे.

तिसरं, जुनी नावं. श्रेड कंपनी २००४ मध्ये बंद पडली, कॅमिलस २००७ मध्ये, पण नावं विकली गेली आणि आज त्याच नावाने बाहेर बनवलेला माल मिळतो. याचा उलटा फायदाही घेता येतो. गराज सेलमध्ये (लोक घरासमोर जुन्या वस्तू विकायला मांडतात तिथे), आठवडी जुन्या बाजारात जुना श्रेड ओल्ड टायमर मिळतो, पात्याच्या बुडाशी श्रेड आणि यूएसए असं दोन्ही कोरलेलं असेल तर घ्या, कार्बन स्टील, न तुटणारी प्लॅस्टिकची मूठ, आणि वापरणाऱ्यासाठी हा सगळ्यात पैसे वसूल सौदा. फक्त पातं झिजून बारीक झालेलं नाही ना ते पाहा. मिटल्यावर टोक स्प्रिंगच्या खूप आत, खोल गेलं असेल तर दगडावर बरंच पातं खाल्लं गेलंय. केसमध्ये तर वर्षही काढता येतं, १९७० पासून बुडाशी दहा ठिपके असायचे आणि दरवर्षी एक कमी करायचे, १९८० ला परत दहापासून सुरुवात.

पायरी ६: घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी सांध्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब आणि कोमट पाणी, दहा-वीस वेळा उघडझाप, काळं पाणी निघेल (पॉलिशचा कचरा), मग पूर्ण वाळवून तेलाचा एकच थेंब. फळं कापणार असाल तर शिलाई मशीनचं तेल नको. इथे औषधाच्या दुकानात पोट साफ व्हायला मिनरल ऑइल मिळतं, तेच वापरा, एक बाटली जन्मभर पुरते. खोबरेल काही दिवस चालतं पण नंतर चिकट होतं आणि थंडीत गोठतं. अति कडक वाटणारा चाकूही या धुण्याने आणि आठवडाभर वापराने एखादा गुण सैल होतो, म्हणून लगेच परत करायची घाई नको.

धार लावायला साधा दुहेरी दगड पुरे. पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशात, म्हणजे पात्याची पाठ दगडापासून अगदी थोडीच उचललेली. कोन किती यापेक्षा तोच कोन शेवटपर्यंत ठेवणं महत्त्वाचं. अंदाज येत नसेल तर धारेला स्केचपेनची शाई लावा आणि दोनदा घासा, शाई कुठली गेली ते दिसेल, पाठीकडची गेली तर पाठ थोडी उचला, अगदी धारेच्या कडेची गेली तर खाली घ्या. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कंगोरा लागला की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने दहा फेऱ्या. हे शिकलात तर वीस डॉलरचा रफ रायडर न शिकलेल्या माणसाच्या दीडशेच्या चाकूला मागे टाकतो, आणि दगड मिळतो चाकूच्या निम्म्या किमतीत.

भारतात नेणार असाल तर

चाकू चेक-इन बॅगेतच, केबिन बॅगेत विसरलात तर तो गेला समजा, तीन डॉलरचा असो नाहीतर तीनशेचा. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा मुद्दा येतो, हे चाकू तीन-साडेतीन इंचांचे, म्हणजे त्यात बसत नाहीत, पण महाराष्ट्रात सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे मनाईहुकूम निघतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायलाही बंदी असू शकते, तेव्हा तो घरी, शेतावर, सहलीच्या डब्यात ठेवा, गर्दीत खिशात नको. मी तर यावेळी निघताना तो दीडशेवाला मेहुण्याकडेच ठेवून आलो. परवा त्याचा मेसेज आला, "भाऊजी, याला तेल कुठलं लावायचं?"